धोक्याचे गुण कुणाला, मान कुणाची

(पुंडलिकनगरातल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्यातली मोडतोड तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला विषय विचारला. मी म्हणालो, रशियातल्या एका जिम्नॅस्ट पोरीवर बोलतो. तर ते एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. इथं नळाला पाणी कितव्या दिवशी येणार याचा हिशोब चालू आहे, आणि ह्या बाबाला मॉस्कोची पोरगी आठवतेय! आठवतेय मला. कारण ह्या गल्लीतून बाहेर पडलं की गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आहे. पहाटे पहाटे बापाच्या गाडीवर मागं बसून, पेंगत पेंगत, खांद्याला पिशवी लावून तिकडं जाणाऱ्या पोरीपोरं मी रोज बघतो. त्यातली काही आज पुढच्या सतरंजीवर बसलीत. त्यांच्याकडं बघून बोलायचं ठरवलंय. बाकीच्यांनी ऐकलं तर चांगलंच.

पोरीचं नाव येलेना मुखिना. जन्म 1 जून 1960, मॉस्को. आई लहानपणीच गेली, बाप जवळ नव्हता. आजीनं वाढवलं. म्हातारीची एक खोली, म्हातारीचं पेन्शन आणि ही एकुलती एक नात. शाळेत एक दिवस एक बाई आली, खेळाच्या प्रशिक्षक. वर्गात विचारलं, जिम्नॅस्टिक कुणाला शिकायचं? हिनं हात वर केला. हा जो वर गेलेला हात आहे ना, तो नीट ध्यानात ठेवा. तो तिचा स्वतःचा होता. त्याच्यानंतर तिच्या अंगातला कुठला अवयव तिचा स्वतःचा राहिला, ह्यावरच मला बोलायचंय.

पण आधी रशियाबद्दल चार शब्द, नाहीतर कुणीतरी म्हणायचं की हा माणूस अमेरिकेचा एजंट होऊन आलाय. आपल्या मागच्या पिढीनं रशियाकडं अण्णाभाऊंच्या डोळ्यांनी बघितलं. वाटेगावच्या मांगवाड्यातला, शाळेची पायरीही धड न चढलेला माणूस 1961 साली तिकडं जाऊन आला आणि त्यानं 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. ज्याला गावात कुणी जवळ उभं करत नव्हतं, त्याला तिथं माणूस म्हणून वागवलं, हे आपण विसरत नाही. पुढं आमच्या लहानपणी 'सोव्हिएत लँड'चे गुळगुळीत अंक यायचे. आम्ही त्याची वह्यांना कव्हरं घालायचो. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर, इतिहासाच्या वहीवर रिबिनवाली हसरी पोरगी, हात वर, छाती पुढं. कोण ती, कुठली ती, आम्हाला काय ठाऊक! पण ती आपल्यातली आहे असं वाटायचं. कामगाराची पोरगी, आणि साऱ्या जगाच्या वर उभी.

आणि ते खोटं नव्हतं. सोव्हिएत युनियन पहिल्यांदा 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला उतरलं. पुरुषांत पहिला आला व्हिक्टर चुकारिन. तिशी गाठलेला माणूस, महायुद्धात नाझींच्या कैदी छावण्यांमधून हाडांचा सापळा होऊन घरी परत आलेला. बायकांत पुढं लारिसा लातिनिना आली. बाप स्टालिनग्राडच्या लढाईत मेलेला, आईनं काबाडकष्ट करून वाढवलेली. तिनं 3 ऑलिम्पिकमध्ये मिळून 18 पदकं घेतली. तो विक्रम मोडायला 2012 साल उजाडावं लागलं, तेव्हा कुठं अमेरिकेच्या फेल्प्सनं पोहून पोहून तो मोडला. 1952 ते 1980, सलग 8 ऑलिम्पिकमध्ये बायकांचं सांघिक सुवर्ण ह्या एकाच देशानं नेलं. गरिबाच्या पोराला फुकट शिक्षण, फुकट प्रशिक्षण, खायला-प्यायला, राहायला. आपल्याकडं अजून शाळेला मैदान नाही म्हणून पोरं रस्त्यावर खेळतात. तेव्हा त्या व्यवस्थेनं काय दिलं हे मी आधी मोजतो. मोजूनच पुढं बोलतो.

एक गोष्ट मात्र बघा. लातिनिना शेवटचं ऑलिम्पिक खेळली तेव्हा 29 वर्षांची बाई होती. 1958 ची जागतिक स्पर्धा तर तिनं पोटात लेकरू असताना जिंकली. तेव्हा जिम्नॅस्टिक हे बाईचं काम होतं. मग 1972 ला म्युनिकमध्ये बेलारूसची ओल्गा कोर्बुत आली, 17 वर्षांची, चिमणीएवढी. वरच्या दांडीवर उभी राहून तिनं मागं उडी टाकली आणि जगानं तोंडात बोटं घातली. 1976 ला माँट्रियलमध्ये रुमानियाची नादिया कोमानेची आली, ती तर 14 वर्षांची. 10 पैकी 10. गुणांच्या पाटीवर 10 दाखवायची सोयच नव्हती, म्हणून 1.00 दिसलं. झालं! सगळ्या जगाला कळलं की अंग जेवढं हलकं आणि लहान, तेवढी उडी मोठी. बाई मागं पडली, पोर पुढं आली. आणि पोराचा एक फायदा सगळ्या मालकांना माहीत असतो. पोर उलट बोलत नाही. वीटभट्टीवाल्याला विचारा, हॉटेलवाल्याला विचारा.

ह्या स्पर्धांत गुण कसे द्यायचे त्याचं एक जाडजूड नियमांचं पुस्तक असतं. त्या काळच्या पुस्तकात नेहमीच्या गुणांच्या वर थोडे जादा गुण ठेवलेले होते. कशाला? सफाईला, नवेपणाला आणि धोक्याला. होय, धोक्याला. छापील. अंगावर जेवढा जास्त धोका घ्याल तेवढे गुण. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. गुण देशाच्या खात्यावर जमा होतात, धोका मात्र पोरीच्या मानेवर. सफाईचं काम करणारा आपला माणूस ड्रेनेजच्या भोकात उतरतो तेव्हा तिथं निदान असं पुस्तक तरी नसतं!

आता लेनाकडं. घरी तिला लेना म्हणायचे. 1974 च्या सुमारास ती मिखाईल क्लिमेन्कोच्या हाताखाली गेली. सैन्याचा क्लब होता तो. क्लिमेन्को आधी पुरुषांना शिकवायचा. लेना शांत, बुजरी, न थकणारी. नादियाला हरवायचं तर रशियाला अवघडातलं अवघड हवं होतं, आणि क्लिमेन्कोनं ठरवलं की ते ह्या पोरीकडून काढायचं. पुरुषांचे डाव बाईच्या अंगावर चढवायचे. तिनं चढवले. 1977 ला प्रागच्या युरोपीय स्पर्धेत नादियाच्या मागं दुसरी आली, वेगवेगळ्या साधनांवर सुवर्णं घेतली. फ्लोअरवर, म्हणजे नुसत्या गादीवरच्या प्रकारात, हवेत दोन कोलांट्या आणि त्यातच एक पूर्ण गिरकी, हा डाव तिनं करून दाखवला. त्या डावाला आजही तिचं नाव आहे. कोर्बुतच्या दांडीवरच्या उडीत तिनं एक पूर्ण गिरकी घातली, ती वेगळीच.

आणि 1978, स्ट्रासबर्ग, जागतिक स्पर्धा. 18 वर्षांची येलेना मुखिना जगात पहिली. नेली किम दुसरी, तीही सोव्हिएतच. नादिया मागं राहिली. संघाचं सुवर्ण, फ्लोअरचं सुवर्ण नेली किमच्या बरोबरीनं, दांड्यांवर आणि बीमवर रौप्य. त्या दिवशीची चित्रफीत आज तुमच्या मोबाईलवर मिळते, बघा. वेणीची रिबीन, डोळे खाली, उडी झाल्यावर ओठ घट्ट मिटलेले. हसायचं म्हणून हसते. मला त्या चेहऱ्यावर आनंद सापडला नाही, थकवा सापडला. ह्यावर कुणी वाद घालायचा तर घालावा.

आता तिचं अंग काय म्हणत होतं? 1975 लाच, म्हणजे जग तिला ओळखायच्या आधी, मानेच्या मणक्याला इजा झालेली. मानेला पट्टा लावून दवाखान्यात पडलेली, आणि तिथूनच तिला सरावाला नेलं जायचं. हे तिनं पुढं स्वतः सांगितलंय. बरगड्या, घोटे, बोटं, ह्यांची गणती कोण करतो! 1979 च्या शरद ऋतूत पाय मोडला. त्यामुळं ती त्या वर्षीची जागतिक स्पर्धा खेळू शकली नाही, आणि तिथंच सोव्हिएत बायकांचा संघ रुमानियाकडून हरला. मॉस्कोचं ऑलिम्पिक तोंडावर आलेलं. वरून खाली सगळ्यांच्या अंगात घाम फुटला. प्लॅस्टर काढलं, पाय वाकडा वाटतोय असं ती म्हणाली, पुन्हा फोटो काढला तर हाड जुळलेलंच नाही. पुन्हा शस्त्रक्रिया. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक हजर. आणि त्याचं म्हणणं काय, तर ही मनापासून करत नाही, प्लॅस्टर घालूनही सराव करता येतो.

म्हणजे कामचुकार! बघा, शब्द ओळखीचा वाटतो का? ऊसतोडीच्या फडावर बाळंतीण उशिरा उठली की मुकादम काय म्हणतो? तापानं फणफणलेला हमाल भिंतीला टेकला की आडत्या काय म्हणतो? भाषा रशियन असो नाहीतर मराठी, हा शब्द सगळीकडं एकाच जागेवरून येतो. ज्याचं अंग दुखत नाही, तो तो बोलतो.

पाय धड नाही, वजन वाढलेलं, म्हणून पळ पळ पळवून वजन उतरवलं. आणि अशा अंगावर नवा डाव. त्याचं नाव थॉमस साल्टो. कर्ट थॉमस हा अमेरिकेचा पुरुष जिम्नॅस्ट, त्याचा डाव. हा डाव कसा आहे ते समजून घ्या, कारण सगळं त्याच्यातच आहे. साधी उडी कशीही मारली तरी शेवटी पाय जमिनीला लागतात. पाय चुकले तर घोटा जाईल, गुडघा जाईल. थॉमस साल्टोत मागं उडी टाकायची, हवेत दीड गिरकी घ्यायची आणि पावणेदोन कोलांट्या फिरून जमिनीवर यायचं. पायावर यायचं नाही, पुढच्या कोलांटीत घरंगळत जायचं. म्हणजे जमिनीच्या जवळ येताना डोकं खाली आहे. जरा जास्त फिरलं तर पाठ आपटेल. जरा कमी फिरलं तर हनुवटी, आणि मग मान. मध्ये एका श्वासाएवढं अंतर. त्या अंतरासाठी लागते ती पायाची उसळी. आणि पाय तर मोडून जोडलेला.

ती प्रशिक्षकाला म्हणाली होती की मी ह्यात मान मोडून घेईन. एकदा नाही, कित्येकदा. त्यानं उत्तर दिलं की तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नसतात.

तुझ्यासारख्यांच्या. ह्या एका शब्दावर मी थांबतो. तिच्यासारखी म्हणजे कोण? सोसणारी. मागं कुणी नसलेली. जिच्या घरी विचारायला येईल असा बाप नाही, भांडायला येईल असा भाऊ नाही, एक म्हातारी आहे आणि ती खोलीत वाट बघत बसलीय. आपल्या आयाबायांना गावानं हेच सांगितलं ना? तुम्हा लोकांना थंडी वाजत नसते. तुम्हा लोकांना घाण वास येत नसतो. तुमची बाळंतपणं कशीही होतात. सोसणाऱ्याच्या सोसण्याचाच पुरावा करायचा आणि आणखी ओझं ठेवायचं, ही युक्ती फार जुनी आहे.

3 जुलै 1980. मिन्स्क. राष्ट्रीय संघाचं शिबिर. मॉस्को ऑलिम्पिकचं उद्घाटन 19 तारखेला, म्हणजे 16 दिवस राहिले. क्लिमेन्को त्या दिवशी तिथं नव्हता, तो मॉस्कोला गेलेला, हिचं नाव संघात पक्कं व्हावं म्हणून. सरावात तिनं तो डाव घेतला. उसळी कमी पडली. गिरकी अपुरी राहिली. हनुवटी गादीवर आदळली आणि मान मोडली. मानेखालचं सगळं अंग गेलं, हातापायांसकट. वय 20.

पुढं तिनं सांगितलंय की पडल्या पडल्या तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की सुटले, आता ऑलिम्पिकला जावं लागणार नाही. माझ्याकडं ह्या वाक्यावर बोलायला काही नाही. तुम्ही घरी जाऊन त्याचं काय करायचं ते करा.

मॉस्कोचं ऑलिम्पिक झालं. अफगाणिस्तानात फौजा घुसवल्या म्हणून अमेरिकेनं बहिष्कार घातलेला. आपल्या हॉकीनं तिथं सुवर्ण घेतलं आणि इथं पेढे वाटले गेले. सोव्हिएत पोरींनी सांघिक सुवर्ण घेतलं, येलेना दावीदोव्हा जगात पहिली आली. बँड वाजला, फुगा सोडला, शेवटच्या रात्री ते मोठं अस्वल आकाशात उडून गेलं. आणि मिन्स्कच्या दवाखान्यात एक जगज्जेती पडलेली होती, तिचं काय झालं हे कुणी लोकांना धड सांगेना. कितीतरी चाहते तिला पत्रं लिहीत राहिले, तू पुन्हा कधी उतरणार? बिचाऱ्यांची काय चूक! वीर उठतोच, असं त्यांना शिकवलेलं. वीर पडला तर त्याचं काय करायचं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं पुढं तिला एक मानाचं पदक दिलं. पदक गळ्यात घालायला मान ताठ लागते, असं माझा एक मित्र म्हणाला. कडू बोलला, पण बरोबर बोलला.

1988 साली, गोर्बाचेव्हच्या काळात तोंडं थोडी उघडायला लागली तेव्हा, 'अगान्योक' ह्या साप्ताहिकानं तिची मुलाखत छापली. मघापासून मी जे सांगतोय त्यातलं बरंच त्यात आहे. ती नुसती प्रशिक्षकाला शिव्या देत नाही. म्हणूनच ती मला मोठी वाटते. तिचं बोट सगळ्या रचनेवर आहे. पदकाची घाई करणारे, गप्प बसणारे डॉक्टर, टाळ्या वाजवणारे, आणि 'नाही' म्हणता न येणारी ती स्वतः. अंथरुणावर हलता न येणाऱ्या बाईनं एवढ्या थंड डोक्यानं एका महासत्तेचा पंचनामा केला.

आता जे लोक हे ऐकून खूष झाले असतील, की बघा, कम्युनिस्ट असेच असतात, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. त्याच 1988 साली अमेरिकेची जुलिसा गोमेझ, 15 वर्षांची, टोकियोच्या स्पर्धेत व्हॉल्टच्या सरावात पडली. पाय फळीवरून सटकला, मान मोडली. 1991 ला ती मेली. त्यानंतर त्या फळीभोवती गादीचं कडं घालणं सक्तीचं झालं. त्याच अमेरिकेत लॅरी नासर नावाचा संघाचा डॉक्टर वर्षानुवर्षं पोरींच्या अंगाशी चाळे करत राहिला आणि महासंघाच्या खुर्च्या गप्प बसल्या. 2018 साली 156 जणी कोर्टात एकीमागून एक उभ्या राहिल्या तेव्हा कुठं तो कायमचा आत गेला. लाल झेंडा असो की पट्ट्यापट्ट्यांचा, पोरीच्या अंगाचा सातबारा तिच्या नावावर नव्हता.

आणि आपण? आपण काय बाजूला उभे आहोत? 2016 ला रिओमध्ये आगरतळ्याची दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत उतरली. तिचा डाव प्रोदुनोव्हा, पुन्हा एका रशियन जिम्नॅस्टच्याच नावाचा. आपल्या वाहिन्या त्याला काय म्हणत होत्या? 'मृत्यूची उडी'. डोळे चमकत होते त्यांचे! ती चौथी आली, 15.066 गुण, कांस्यपदक 0.150 नं हुकलं. दीपा जिगरबाज, तिच्याबद्दल मला आदरच आहे. प्रश्न तिचा नाहीच. ज्या देशात तिला सरावाला साधनं धड मिळेनात, त्या देशाला तिच्या मृत्यूची शक्यता टीव्हीवर फुकट बघायला मिळाली, हे मला टोचतं.

आपल्याकडं ही उडी काही नवी नाही. डोंबाऱ्याची पोर शेकडो वर्षं बाजाराच्या दिवशी दोरीवर चढतेय. हातात आडवी काठी, डोक्यावर तांब्या, खाली बाप ढोलकी बडवतोय. खाली गादी नाही, डॉक्टर नाही, गुणांचं पुस्तक नाही. लोक वर बघतात, पाच-दहा रुपये टाकतात आणि भाजी घ्यायला निघून जातात. त्या पोरीला कुणी विचारलंय का, तुला चढायचंय का म्हणून? ती चढते, कारण संध्याकाळची चूल तिच्या पायाच्या अंगठ्यावर उभी आहे. तिचं 'हो' म्हणजे काय 'हो' आहे? लेनाचं 'हो' तरी काय 'हो' होतं? ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला मी होकार मानत नाही.

कुणी म्हणेल, हिंमत करायची होती. ह्या हिंमतीच्या गप्पा मला आवडत नाहीत. 2021 चं टोकियो आठवा. 27 जुलै, सांघिक अंतिम फेरी. सिमोन बाइल्स, काळी पोरगी. आई सांभाळू शकत नव्हती म्हणून लहानपणी सरकारी देखरेखीत गेलेली, मग आजोबा-आजीनं दत्तक घेऊन वाढवलेली. पहिल्या व्हॉल्टला हवेत तिचं भान सुटलं. आपण वर आहोत की खाली, ते अंगाला कळेना. कशीबशी पायावर उतरली, बाजूला गेली आणि म्हणाली, मी खेळत नाही. साऱ्या जगासमोर! अमेरिकेचं सुवर्ण गेलं, ते मिळालं रशियाच्या पोरींना. तिला भित्री म्हणाले, देशद्रोहीसुद्धा म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. 2024 ला पॅरिसमध्ये परत आली आणि 3 सुवर्णं घेऊन गेली.

दोघी आजीनं वाढवलेल्या. दोघी जगात पहिल्या. एकीला 'नाही' म्हणता आलं, दुसरीला नाही. एक शूर आणि एक भित्री होती म्हणून? मुळीच नाही. बाइल्सच्या मागं रिओची 4 सुवर्णं होती, स्वतःचा पैसा होता, घर होतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कोर्टात उभ्या राहिलेल्या त्या 156 जणी होत्या. त्या आधी बोलल्या म्हणून ही बोलू शकली. लेनाच्या मागं काय होतं? एक म्हातारी. तिनं 'नाही' म्हटलं होतंच की, मान मोडेल म्हणून सांगितलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं. एकट्या माणसाची 'नाही' म्हणजे कुरकुर.

आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. मेलेलं ढोर ओढणार नाही, असं एकट्यानं म्हटलं असतं तर त्याचं काय झालं असतं? बाबासाहेबांच्या सांगण्यावरून अख्खे वाडे तसं म्हणाले. गावानं बहिष्कार टाकला, किराणा बंद केला, वाट बंद केली, तरी वाडा बधला नाही. म्हणून ती 'नाही' टिकली. 2023 साली दिल्लीत जंतरमंतरवर कुस्तीतल्या पोरी बसल्या, महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप करून. ऑलिम्पिकचं पदक असलेल्या पोरीला पोलिसांनी रस्त्यावरून फरपटत उचलून नेलं. पदक असूनसुद्धा! मग जिच्याकडं पदक नाही, आडनाव नाही, ओळख नाही, तिचं काय?

लेनाची आजी तिची शुश्रूषा करत जगली. किती वर्षं? मोजा. 1980 पासून, चोवीस-पंचवीस वर्षं. म्हाताऱ्या बाईनं तरुण नातीला कुशीवर वळवायचं, भरवायचं, धुवायचं. 2005 ला ती म्हातारी गेली. तिच्या नावानं कुठं एखादं पदक आहे असं माझ्या ऐकण्यात नाही. मग एक जुनी जिम्नॅस्ट मैत्रीण येऊन राहिली. आजीच्या मागं लेना फार दिवस राहिली नाही. 22 डिसेंबर 2006 ला गेली, 46 व्या वर्षी.

थॉमस साल्टो बायकांसाठी बंद झाला. पुरुषांसाठी असल्या घरंगळत उतरणाऱ्या उड्या बंद व्हायला 2017 उजाडलं. मोठ्यांच्या स्पर्धेतलं कमीत कमी वय 1981 ला 15 केलं, 1997 ला 16. एकेक ओळ नियमात घुसवायला एकेक मान लागली.

आता पुढं बसलेल्या पोरींनो, तुम्ही उड्या सोडा असं मी म्हणत नाही. उलट मारा, खूप उंच मारा. आपल्या अंगानं आजवर फक्त ओझी वाहिली, ते हवेत गिरकी घेतं तेव्हा मला बरं वाटतं. पण तुमच्या आईबापांना आणि ह्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझं एक काम आहे. आपली पोरं जिथं जिथं शिकायला जातात तिथं चारपाच जणांनी मिळून जायचं. एकट्यानं जायचं नाही. आणि साधं साधं विचारायचं. सरावाच्या वेळी डॉक्टर किती लांब असतो? गाडी कुणाची बोलवायची? गादी किती जाड आहे, कधी बदलली? पोराचा विमा काढलाय का? दुखतंय म्हणाली तर तिचं नाव संघातून कापतात का? आणि मुलींना बाईमाणूस प्रशिक्षक आहे का? उत्तरं वहीत लिहून आणायची, तारीख टाकून. पुढच्या बैठकीला ती वही इथं मध्यभागी ठेवू आणि एकेक पान मोठ्यानं वाचू.

मी बोललो बराच वेळ. आता ह्या पोरींना बोलू द्या. त्यातली एक मघापासून हात वर करून बसलीय.